पटकथेसाठी फाउंटन: वऱ्हाडी विनोदी सिनेमा लिहिणाऱ्याला कितपत पुरतं?

फाउंटन हे सॉफ्टवेअर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. प्ले स्टोअरवर शोधायला जाल तर भलतंच काहीतरी उतरवून घ्याल. साध्या मजकुरात पटकथा लिहायची ही एक पद्धत आहे. हॉलिवूडचा पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि स्टू माश्विट्झ यांनी २०१२ साली ती जाहीर केली, तीही फुकट. फोनमधल्या कुठल्याही नोटपॅडात मोजक्या खुणा टाकत लिहायचं. मग ती फाइल फाउंटन समजणाऱ्या अ‍ॅपात उघडली, की दृश्याचं शीर्षक, पात्राचं नाव आणि संवाद आपापल्या जागी जाऊन बसतात.

मुंबईत लिहिणाऱ्यासाठी याचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात. इथली पारख वेगळी आहे. लिहिणारा आणि दिग्दर्शन करणारा माणूस एकच, बोली वऱ्हाडी नाहीतर झाडी, हातात फोन, नेट येऊन-जाऊन, प्रिंट काढायची तर तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे, आणि सिनेमा विनोदी. या सगळ्यात ही पद्धत कुठे चालते आणि कुठे बसकण मारते, तेवढंच पाहायचं आहे.

आधी नमुना. फाउंटनमध्ये लिहिलेलं दृश्य कच्च्या रूपात असं दिसतं:

.बाहेर. पानठेला – सकाळ

बंडी उभी. बैल नाहीत. शामराव दांडीवर बसलेला. गजू येतो, बंडीभोवती एक चक्कर मारतो.

@गजू
बैल कुठी गेले बावा?

@शामराव
(सुपारी कातरत)
लगनाले.

@गजू
अन् तू?

@शामराव
बलावलं नाई मले.

[[थांब २ सेकंद. गजूचा चेहरा. मग बंडीकडे नजर.]]

शीर्षकाआधीचा टिंब आणि नावाआधीचं @ या दोन खुणा देवनागरीत लिहिणाऱ्याला सोडून चालत नाही. इंग्रजीत त्या लागत नाहीत, म्हणून इंग्रजी मार्गदर्शनात त्या कुठेतरी शेवटी, ‘गरज पडल्यास’ म्हणून येतात. इंग्रजीत नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं की अ‍ॅप ओळखतं, हे पात्र आहे. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं असा प्रकारच नाही. नुसतं ‘गजू’ लिहिलं तर अ‍ॅप त्याला वर्णन समजून डाव्या कडेला ढकलतं, आणि खालचा संवादही त्याच्याबरोबर वाहून जातो. शीर्षकाचंही तसंच. ते ओळखायला अ‍ॅप ‘आत-बाहेर’साठीचे इंग्रजी संक्षेप शोधतं. ‘बाहेर’ हा शब्द त्याला परका, म्हणून पुढे टिंब.

उलटी चूकही होऊ शकते. मजकूर मोठ्या अक्षरांत आहे का, हे तपासायची पद्धत अ‍ॅपागणिक बदलते. ज्यात लहान अक्षर मुळातच नाही ती ओळ सगळी मोठ्या अक्षरांतली, असा हिशेब एखादं अ‍ॅप करू शकतं. मग दोन ओळींच्या वर्णनातली पहिली ओळ पात्राचं नाव बनून मधोमध जाऊन बसते. यावर दोन इलाज आहेत. वर्णनाचा परिच्छेद मध्ये एंटर न मारता सलग लिहायचा, किंवा ओळीच्या सुरुवातीला ! टाकायचं. नवीन अ‍ॅप घेतलं की वरच्यासारखं दहा ओळींचं दृश्य आधी त्यात टाकून पाहावं. नव्वद पानं लिहून झाल्यावर कळण्यात मजा नाही.

रिकाम्या ओळींचा नियम कडक आहे. नावाच्या वर एक ओळ रिकामी हवी, नावाखाली मात्र लगेच संवाद. फोनवर लिहिताना सवयीने दोनदा एंटर जातं आणि संवाद नावापासून तुटतो. फाउंटनमध्ये लिहिलेली पटकथा बिघडते ती बहुतेक याच एका कारणाने. एका पात्राच्या बोलण्यात मध्येच मोकळी ओळ सोडायची असेल तर त्या ओळीवर दोन स्पेस द्याव्या लागतात. फोनचा कीबोर्ड दोन स्पेसचा पूर्णविराम करून टाकू शकतो, तेव्हा ती सोय आधी बंद करा.

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर ऑटोकरेक्टही बंद करा. वऱ्हाडीत लिहिताना तो शत्रू आहे. ‘मले’ लिहिलं की ‘मला’ सुचवतो, ‘काहून’ला ‘काढून’ करायला बघतो, ‘करजो’पुढे तर हातच टेकतो. निम्मी पटकथा वऱ्हाडी आणि निम्मी शाळेच्या पुस्तकातली, अशी भेसळ बऱ्याचदा इथूनच सुरू होते, आणि वाचनाच्या दिवशी नटाच्या तोंडी ती खड्यासारखी लागते. बंद करून भागत नसेल तर ‘मले, तुले, काहून, कायले, हाव, राह्यलो, येजो’ असे शंभरेक शब्द कीबोर्डच्या स्वतःच्या शब्दकोशात भरून ठेवावेत. तासाभराचं काम आहे.

झालेली भेसळ शोधा-बदलाने एका झटक्यात काढायचा मोह होतो. ‘मला’च्या जागी सगळीकडे ‘मले’ टाकलं, की कमलाबाईची कमलेबाई होते आणि ‘तो दमला’चं ‘तो दमले’. ‘ळ’चा ‘य’ करायला गेलात तर डोळ्याचा डोया होईल हे खरं, पण काळे आडनावाचा तलाठी ‘काये’ होऊन बसेल. एकेक जागा बघूनच बदल स्वीकारायचा. शिवाय सगळ्या पात्रांची बोली सारखी करायची गरजही नसते. तलाठी बाहेरगावचा असेल तर त्याचं ‘मला’ तसंच राहू द्या. गाव ‘मले’ म्हणतं आणि हा एकटा ‘मला’ म्हणतो, यातच एखादं दृश्य निघतं. अकोला-बुलढाण्याची बोली आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडी एकाच घरातल्या दोन भावांच्या तोंडी घातली, तर मात्र प्रेक्षक विनोदाआधी ती चूक पकडतो.

आता विनोदाच्या मुख्य कामाकडे वळू. फाउंटन इथेच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. विनोदाचा दाणा मात्र शेवटच्या शब्दात असावा लागतो, कारण तो ऐकू आला की लोक हसतात आणि पुढचं बुडतं. ‘मले लगनाचं आमंत्रण नव्हतं’ या वाक्यात दाणा ‘आमंत्रण’ आहे आणि शेपटी ‘नव्हतं’. कळेपर्यंत वाक्य सांडून जातं. ‘मले नाई बलावलं’ बरं आहे, पण हसू ‘नाई’वर फुटतं आणि ‘बलावलं’ त्या हशात वाया जातं. ‘बलावलं नाई मले’ केलं, की बैलांना बोलावून आपल्याला वगळल्याचं सगळं दुःख ‘मले’ या एका शब्दावर येऊन बसतं. क्रियापद आधी फेकून महत्त्वाचा शब्द मागे ठेवायची सवय बोलीत आहेच. ‘गेला होता ना तो, सरपंचाच्या घरी, लुंगीवर’ असंच माणसं पारावर बोलतात. लिहिताना आपण उगाच व्याकरणशुद्ध होतो आणि विनोद मारतो.

म्हणून पंचाच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या, प्रत्येक ओळीचे निदान तीन पर्याय लिहून ठेवावेत. फाउंटनमध्ये नको असलेला मजकूर /* आणि */ यांच्यामध्ये टाकला की तो छापला जात नाही, पण फाइलमध्ये राहतो. याला बोनयार्ड म्हणतात, म्हणजे हाडं टाकायची जागा. आवडती ओळ उरलेल्या मजकुरात, बाकीच्या दोन तिच्या खालीच हाडांत. वाचनाच्या वेळी पहिली पडली तर दुसरी तिथल्या तिथे वर काढता येते. वर्डमध्ये किंवा वहीत असे पर्याय दुसऱ्या पानावर जातात आणि कामाच्या वेळी कधीच सापडत नाहीत.

दोन चौकोनी कंसांतली [[टीप]] ही दुसरी कामाची खूण. बहुतेक अ‍ॅपांत टिपा छापायच्या की नाही हे निवडता येतं. थांबा, चेहरे, सेकंद असलं सगळं दिग्दर्शकाचं लेखन या टिपांत जावं, वर्णनात जाऊ नये. नटाच्या प्रतीवर ‘थांब २ सेकंद’ दिसलं की तो मनात एक-दोन मोजतो, आणि ते मोजणं त्याच्या डोळ्यांत दिसतं. तेव्हा नटांसाठी टिपा बंद करून प्रिंट काढायची आणि स्वतःसाठी चालू ठेवून.

टिपांचा सगळ्यात मोठा उपयोग पुन्हापुन्हा येणाऱ्या विनोदासाठी होतो. समजा सरपंचाच्या घरातला कुलर दर वेळी नको तेव्हा बंद पडतो, असा धागा आहे. पहिल्यांदा येतो तिथे [[धागा: कुलर, पेरणी]], दुसऱ्यांदा [[धागा: कुलर, आठवण]], शेवटी [[धागा: कुलर, कापणी]] असं लिहून ठेवा. मग फाइलमध्ये ‘धागा: कुलर’ शोधलं की सगळ्या जागा एकामागून एक दिसतात. दोन वेळा आल्यानंतर तिसऱ्या वेळी तो वळण घेतोय का, की नुसताच परत येतोय? पेरणी आणि आठवण यांच्यात किती पानं गेली? तीस पानांचं अंतर पडलं असेल तर प्रेक्षक कुलर विसरलेला असतो. दोन दृश्यांतच आला असेल तर कापणी आधीच कळते. फायनल ड्राफ्टसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही टिपा आहेत, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. इथे हे काम साध्या शोध बटणावर होतं.

वेळेच्या हिशेबात मात्र फाउंटन देवनागरीला दगा देतं. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा आडाखा १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपावर बेतलेला आहे. त्या टाइपात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, एका इंचात १० अक्षरं आणि ६ ओळी. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. अ‍ॅप दुसराच कुठला तरी टाइप उसना आणतं. त्याच्या ओळीची उंची वेगळी, जोडाक्षरांची रुंदी वेगळी. तेव्हा पानांच्या आकड्यावर विसंबू नका. पहिली पाच दृश्यं हालचालींसह उभ्याने वाचायची, फोनवर रेकॉर्ड करायची, सेकंद मोजायचे. पाच दृश्यांची ७ पानं वाचायला ५ मिनिटं ५० सेकंद लागले, तर पानाला ५० सेकंद पडले. त्या हिशेबाने ९० पानांचा सिनेमा ७५ मिनिटांचा होईल. तुमचा टाइप आणि तुमचे नट बदलले की हा आकडाही बदलतो, म्हणून दुसऱ्याचा वापरू नये.

वाचन दोनदा घ्यावं, एकदा लोकांसमोर आणि एकदा लोकांशिवाय. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवर मुरलेला नट घेतला असेल तर हे फार महत्त्वाचं. दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालणाऱ्या नाटकांत तो वाढलेला असतो. हशा आला की थांबायचं, हशा उतरायला लागला की पुढची ओळ टाकायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर हशाच नसतो. मग तो न आलेल्या हशासाठी थांबतो आणि दृश्यात भोकं पडतात. दोन वाचनांतल्या सेकंदांचा फरक मांडला की ही भोकं कुठे आहेत ते नेमकं दिसतं. त्याला ओरडून सांगू नका. तो थांबतोय तिथे समोरच्याची ओळ लगेच येईल अशी रचना करा.

दोघं एकदम बोलतात त्या भांडणासाठी दुसऱ्या नावानंतर ^ ही खूण आहे. छापताना दोन संवाद शेजारी-शेजारी येतात. देवनागरीत हे रकाने फार चिंचोळे होतात आणि मोठे शब्द कुठेही तुटतात, म्हणून छोट्या ओळींपुरतंच वापरा. आणि कागदावर एकदम आहे म्हणून सेटवरही एकदम घेऊ नका. एकमेकांवर चढलेले आवाज नंतर कापता येत नाहीत. दोघांच्या एकत्र चित्रात त्यांना एकदा मनसोक्त भांडू द्यावं. पण एकेकट्याचं घेताना समोरच्याने फक्त ओठ हलवायचे, म्हणजे आवाज स्वच्छ मिळतो आणि चढाओढ संपादनाच्या टेबलावर जुळवता येते. पंच ज्या शॉटमध्ये आहे तो शक्यतो दोघं दिसतील असा ठेवावा. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त हसवतो. कट म्हणायच्या आधी मनातल्या मनात दोन सेकंद थांबा. ती दोन सेकंदं संपादनात सोन्याची असतात.

आता प्रिंट. इथे बरेच गुण कापावे लागतात.

फाउंटनच्या बऱ्याच अ‍ॅपांतून थेट पीडीएफ काढली की देवनागरी मोडण्याची भीती असते. वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात, कधी नुसते चौकोन दिसतात. कारण सोपं आहे. पीडीएफ बनवणारा भाग अक्षरांचे आकार एकापुढे एक ठेवतो, पण देवनागरीत अक्षरं जुळवून आकार घडवावा लागतो, आणि ते काम त्याला येत नाही. अ‍ॅप तपासायचं तर दोनच शब्द पुरे: ‘वऱ्हाडी’ आणि ‘पऱ्हाटी’. आडवा र नीट आला तर बाकी बहुतेक येतं. नाही आला तर आडवाटेने जा. अ‍ॅपातून एचटीएमएल (वेबपानाची फाइल) काढा, ती क्रोममध्ये उघडा आणि तिथून प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून जतन करा. ब्राउझरला देवनागरी नीट जुळवता येते. टाइप मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, आकार १३, डावीकडे दीड इंच समास. स्पायरल बायंडिंगला तेवढा लागतोच.

झेरॉक्सवाल्याला पीडीएफच द्यायची, मजकूर द्यायचा नाही. त्याच्याकडे जुनं श्रीलिपी किंवा कृतिदेव (युनिकोडच्या आधीचे देवनागरी टाइप) असेल आणि त्याने तुमचा युनिकोड मजकूर त्यात चिकटवला, तर गजूच्या तोंडी जपानी येईल. त्याच्याच कॉम्प्युटरवर बसून फाइल दुरुस्त करायची वेळ आली तर विंडोज कोणतं ते पाहा. जुन्या विंडोजवरचं नोटपॅड नवी फाइल एएनएसआय या देवनागरी न पेलणाऱ्या पद्धतीत जतन करायला बघतं. एक इशारा येतो, आपण घाईत ओके म्हणतो, आणि परत उघडल्यावर सगळी पटकथा प्रश्नचिन्हांची. ती परत येत नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड ते आपणहून करतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पटकथा पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. मेसेजमध्ये चिकटवली की फाउंटनच्या खुणा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणा एकमेकींच्या अंगावर येतात. गाण्याच्या ओळीसाठीच्या ~ मुळे शब्दांवर काट मारली जाऊ शकते, > ने सुरू होणारी ओळ उद्धरण होते, ताऱ्यांमधला मजकूर ठळक होऊन तारे दिसेनासे होतात. फाइलचं वजन नगण्य असतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, तरी शंभर पानांची पटकथा एक एमबीच्या आत राहते. टॉवरखाली जाऊन उभं राहायची गरज नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी पटकथा फोनवर वाचू नका, कागदावरच वाचा. मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. आयफोनसाठी खुद्द कंपनीच ० ते ३५ अंशांपर्यंतची हवा सांगते, स्वस्त फोनचं काय सांगावं. त्यातून शूटिंगही फोनवरच असेल तर तो आधीच तापलेला असतो. त्या दिवसाची पानंच तेवढी छापून नटांना द्यावीत. दृश्यांना क्रमांक द्यायचे तर शीर्षकाच्या शेवटी दोन हॅशच्या मध्ये आकडा लिहायचा, तोही इंग्रजी आकडा. देवनागरी आकडे सगळीकडे क्रमांक म्हणून धरले जातीलच असं नाही. एकदा प्रती वाटल्या की क्रमांक हलवू नयेत. मध्ये नवीन दृश्य आलं तर 12 नंतर ‘12A’ असं द्यावं, नाहीतर बंडीवाला तेराव्या दृश्याला वावरात येऊन थांबेल आणि युनिट पारावर.

शूटिंगच्या तयारीची यादी फाउंटन करून देत नाही. कुठलं पात्र कुठल्या दिवशी, कोणती वस्तू, किती बंड्या, हे सगळं हाताने. यावरही टिपांचाच उपाय आहे: [[वस्तू: अडकित्ता]], [[प्राणी: बैलजोडी]], [[तंबाखू]]. शेवटच्या दोन टिपा सरकारी कागदांसाठी आहेत. चित्रपटगृहात दाखवायच्या सिनेमात प्राणी असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी मागावी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. ऐनवेळी कोंबडी पळवण्याचं दृश्य सुचलं तर ते किती महागात पडेल, ते शोध बटणावर आधीच कळतं. वरच्या नमुन्यात बैल पडद्यावर येतच नाहीत. विनोदही त्याच्यावरच उभा आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

तंबाखूचं त्याहून वाईट. पानठेल्यावरच्या दृश्यात शामराव खर्रा घोटताना दाखवणं अगदी खरं वाटेल, पण तंबाखू दिसते तितका वेळ पडद्याच्या खाली वैधानिक इशारा ठेवावा लागतो. पंचाच्या क्षणी प्रेक्षक खालची अक्षरं वाचत असेल तर शामरावाचा चेहरा कोण बघणार? म्हणून त्याच्या हातात अडकित्ता आणि सुपारी. खर्रा ठेवायचाच तर ज्या दृश्यात विनोद नाही तिथे ठेवा.

अ‍ॅपांबद्दल थोडक्यात. मॅक असेल तर बीट, फुकट आणि मन लावून केलेलं. विंडोज किंवा लिनक्सवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये बेटर फाउंटन हे जोड घ्यावं, तेही फुकट. शेजारी पटकथेचं रूप दिसत राहतं. पीडीएफ मात्र वरच्या दोन शब्दांनी तपासूनच. अँड्रॉइडवर जॉटरपॅड फाउंटन ओळखतं, पण नुसतं लिहायला फोनचं साधं नोटपॅडही चालतं. पुढे मुंबईच्या निर्मात्याने त्याच्या पद्धतीची फाइल मागितली तर बीटमधून फायनल ड्राफ्टची फाइल काढता येते. फेड इन हे पटकथेचं सॉफ्टवेअर फाउंटन थेट वाचतं.

दोघं लेखक एकाच वेळी एकाच पटकथेवर काम करणार असतील तर फाउंटन घेऊ नका. ड्राइव्हवर ठेवून दोघांनी दोन गावांत नेटशिवाय बदल केले, की नेट आल्यावर एकाच दृश्याच्या दोन प्रती समोर उभ्या राहतात. त्या जुळवत बसणं हे विनोदी काम नाही. मूळ फाइल एकाकडेच ठेवायची, दुसऱ्याने फोनवर ओळी सांगायच्या, आणि रोजच्या प्रतीला नाव तारखेचं द्यायचं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरंच फायनल’ या तीन फाइली कुणाच्याही फोनमध्ये सापडतात. गुणांकन द्यायचंच तर लेखनाला पाचपैकी साडेचार, देवनागरी छपाईला दोन, शूटिंगच्या तयारीला दीड.

सिनेमा झाल्यावर हीच फाइल उपशीर्षकांना कामी येते. पुण्या-कोल्हापूरकडच्या प्रेक्षकाला ‘कायले’ आणि ‘येजो’ चटकन लागत नाही, म्हणून खाली प्रमाण मराठी द्यावी लागते. संवाद तयार असतातच, टाइप पुन्हा करायला नको. पण एका पट्टीत ‘आणि तू? – बोलावलं नाही मला’ असं एकदम टाकू नका. डोळा कानापेक्षा पुढे धावतो, शामराव बोलण्याआधीच प्रेक्षक हसून मोकळा होतो आणि शामरावाचं ‘मले’ रिकाम्या जागेत पडतं. प्रश्नाची पट्टी वेगळी, उत्तराची वेगळी, आणि उत्तराची पट्टी शामरावाचे ओठ उघडल्यावरच लावा.